टिकलीखालची जागा

मधुरिमाकाकूंना काही बोलायची सोय नाही. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष, आणि माझ्या चित्रांना मंडळाचा हॉल मिळाला तोही त्यांच्याच कृपेनं. पण प्रदर्शनाच्या सकाळी मी हॉलमध्ये शिरले आणि डोक्यात तिडीकच गेली. स्मिताच्या चित्रावर, कपाळाच्या बरोबर मधोमध, काकूंनी स्वतःची लाल टिकली चिकटवून ठेवली होती.

"कपाळ एकदम सूनं लागत होतं ना इरावती, म्हणून लावून दिली. फोटो पण अच्छा येईल."

आता यांना काय सांगायचं? स्मिता नवऱ्याला सोडून जळगावहून इथे आली, कॉलेजात शिकवते. त्यानं फेकून मारलेल्या तांब्याचा व्रण तिच्या कपाळावर आहे. टाके सुकतात न सुकतात तोच सासूनं मोठी टिकली आणून दिली होती, झाकून जाईल म्हणून. ती तिनं कित्येक वर्षं लावली. इंदूरला आल्यावर टिकली सुटली, तरी कपाळावर केस ओढूनच फिरायची. महिनाभर माझ्यासमोर तशीच बसली. मग एका रविवारी आपणहून केस मागे घेतले आणि म्हणाली, आहे तशी काढ, व्रणासकट. आज तो पहिल्यांदाच लोकांसमोर यायचा होता.

मी काकूंशी वाद घालतेय तोवर स्मिता आली. केस पुन्हा कपाळावर. चित्र बघून तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, ही आता मागच्या मागे परत जाणार. पण ती पुढे झाली आणि नखानं टिकली उचकटली. व्रणाचा जाड रंग मी परवाच थापलेला, आतून ओलाच होता. टिकलीबरोबर तोही निघून आला. खाली नुसता पांढरा कॅनव्हास.

मला रडू कोसळायचंच बाकी होतं. लोक जिना चढत होते आणि मी वेड्यासारखी ब्रश शोधत होते. घाईत व्रण पुन्हा रंगवला तर नुसता डाग दिसेल हे कळत होतं, म्हणून जास्तच संताप येत होता.

"राहू दे, ताई," स्मिता म्हणाली.

तिनं टिकली काकूंच्या तळहातावर ठेवली. पर्समधली क्लिप काढून केस मागे बांधले आणि चित्राशेजारी जाऊन उभी राहिली.

पहिल्याच बाईंनी विचारलं, चित्रात कपाळावर हे पांढरं काय राहिलंय?

स्मितानं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

"हे राहिलंय," म्हणाली.