मुराळ्याची गाडी

बाळासोनं क्लच दाबून नवा दांडा मागे ओढला. खालून खट्‌कन आवाज आला, त्यानं क्लच सोडला आणि लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेल्या पिकअपची चारही चाकं एकदम फिरायला लागली. उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात तेवढ्यात पाच-सहा जण गोळा झाले. शेजारचा लेथवाला तर हातातलं काम टाकून आला.

"फिरतंय की वो!" लेथवाला म्हणाला. "पण केलासा कशापायी? चिखलातल्या शर्यतीला उतरताय का काय?"

"बहिणीसाठी," बाळासो म्हणाला. "पंचमीला आणायला जायचंय. तिच्या घाटीला साधी गाडी चढत न्हाय."

"भाऊ असावा तर असा!"

काम सुरू झाल्यापासून हे वाक्य त्यानं किती जणांकडून ऐकलं असेल! दर वेळी तो मान खाली घालायचा, लोकांना तो विनय वाटायचा. विनय नव्हता तो. पण एवढं कौतुक चाललेलं असताना खुलासा करत बसणारा माणूस अजून कोल्हापुरात जन्मायचाय.

बाळासोचा धंदा सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्यानं द्यायचा. पिकअप मागच्या दोन चाकांच्या ओढीवर चालणारी, आणि शहरात तिचं कधी काही अडलं नव्हतं. अडलं ते चाफेवाडीच्या घाटीत. गगनबावड्याच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर वसलेली ही वाडी आणि तिथं दिलेली त्याची थोरली बहीण आक्काताई. वडील होते तोवर नागपंचमीच्या आदल्या दिवशी एसटीनं जायचे, घाटी पायी चढायचे आणि लेकीला घेऊन यायचे. वडिलांच्या माघारी मुराळी म्हणून जायचं काम बाळासोवर आलं. पहिल्याच वर्षी तांबड्या चिखलात त्याची मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. वाडीच्या माणसांनी खांदे लावून गाडी वर ढकलली आणि ढकलता ढकलता मनमुराद हसून घेतलं. शहरातला शेठ म्हणून मिरवायला गेलेल्या बाळासोला ते हसणं फार लागलं.

पुढच्या वर्षी त्यानं फोन केला. "पाऊस लई हाय आक्का. गाडी चढायची न्हाय."

त्या वर्षी ते खरं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी अर्धं खरं होतं. मग ते नुसतंच सोयीचं झालं. एसटी अजून जाते, घाटी अजून पायी चढता येते, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण पंचमी आली की धंद्याची गडबड असायची, फोन करायला दोन मिनिटं लागायची, आणि आक्का कधी रागवायची नाही.

गेल्या पंचमीला त्यानं असाच फोन लावला. त्यानं तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, "गाडी चढत न्हाय न्हवं? असू दे. जेवलास का?"

तो हो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. समोर त्याची बायको संयोगिता लाह्या निवडत बसली होती. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहिलं. बाळासोच्या कानशिलापर्यंत लाज चढली. एवढी लाज वाटल्यावर दुसरा कोणी उठून बहिणीच्या दारात गेला असता. बाळासो गॅरेजात गेला.

सम्राट मिस्त्री तरणाबांड गडी. कुठलीही गाडी आहे तशी ठेवणं त्याला कमीपणाचं वाटायचं. "करून टाकू की!" म्हणून त्यानं पिकअप उघडली. भंगारात निघालेल्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल शोधण्यातच दिवाळी गेली. "पुढचं न मागचं दात जुळाय पायजेत," तो सांगायचा, "न्हायतर पुढची चाकं येगळी वडणार, मागची येगळी." दात जुळणारा अ‍ॅक्सल मिळाला, गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी बसली, तिच्यापासून पुढच्या चाकांपर्यंत नवा शाफ्ट गेला, आणि गाडीचं नाक वीतभर वर उचललं गेलं. बाळासो रोज संध्याकाळी स्टुलावर बसून हे सगळं बघायचा. एकेक बोल्ट आवळला की त्याला आपलं एकेक वर्ष फिटल्यासारखं वाटायचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच तो निघाला. आक्काला स्वच्छ गाडीत बसवायचं म्हणून मागच्या हौदातल्या प्लेटा उतरवून, धुऊन-पुसून गाडी रिकामी केली होती. घाटीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं दांडा ओढला. बारीक पाऊस होता, चिखल होता, पाण्यानं रस्ता खणून काढला होता. पिकअप एकदाही न घसरता, हुं की चूं न करता वर गेली. बाळासोनं एकट्यानंच मोठ्यांदा "हाय का न्हाय!" म्हटलं आणि वाडी यायच्या आधीपासून हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

आक्काच्या अंगणात एक पिकअप उभी होती.

त्याच्याच कंपनीची, त्याच्याच मापाची, बहुधा त्याच्याहून जुनी. टायर पार गुळगुळीत झालेले. एक माणूस तिच्यात दुधाचे कॅन चढवत होता.

"आलास व्हय रं बाळ्या!" आक्का हातातली बादली तिथंच ठेवून धावली. तिनं त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कडाकडा बोटं मोडली. शेजारच्या बायका-पोरी गोळा झाल्या. "ह्यो माझा भाऊ," ती त्यांना म्हणाली. "मुराळी आलाय."

बायकांनी बाळासोकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग परत आक्काकडे.

"काकी, ती मोठी गाडी कुठाय?" एका पोरीनं विचारलं. "तुमी म्हणलासा न्हवं, धा चाकाची हाय, आपल्या घाटीत मावत न्हाय म्हणून? ही तर केरबातात्याच्या गाडीयेवढीच हाय की."

आक्काचा चेहरा उतरला. "ती येगळी," ती घाईनं म्हणाली. "ह्यी दुसरी आणलीया." आणि चहा टाकायला आत गेली.

बाळासो तिथंच उभा राहिला. भावाला यायचं नाही, असं तिला वाडीत सांगता आलं नव्हतं. म्हणून तिनं दर पंचमीला त्याची गाडी थोडी थोडी मोठी केली होती.

कॅन चढवून झालेला केरबा हात पुसत जवळ आला. त्यानं वाकून पुढच्या चाकांमध्ये पाहिलं. "फोर व्हील केलीया व्हय? बेस हाय काम."

"तुमची... तुमची साधीच हाय?"

"साधीच की."

"न्‌ घाटी चढती?"

"रोज दोन टायमाला. डेरीची गाडी हाय, न चढून सांगती कुणाला? मागं वजन असलं की चाक धरतंय बघा. कॅन रिकामं असलं तर दोन धोंडं टाकायचं हौदात."

बाळासोच्या वखारीत लोखंडी प्लेटांच्या थप्प्या आढ्याला लागलेल्या होत्या.

"आक्कास्नी मी दर सालाला म्हणतोय, बसा गाडीत, सोडतो कोल्हापुरात," केरबा पुढं बोलत राहिला. त्याच्या मनात काही नव्हतं. "तर म्हणायच्या, मुराळी आल्याबगार जाऊ कशी? येतोय त्यो, गाडीचं तेवढं जमंना झालंय."

चहा आला. बाळासोनं तो पायरीवर बसून प्यायला. गॅरेजात ऐकलेलं सगळं कौतुक त्याला आठवलं आणि एवढी लाज वाटली, की कपबशी आत नेऊन ठेवायचंही त्याला सुधरेना. आक्का नेसून आली. निळं नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात कपड्यांचं गाठोडं. दुधाची गाडी कधीच घाटी उतरून गेली होती; बायका मात्र तशाच कठड्याला रांगेनं उभ्या होत्या.

दोघं गाडीत बसली. बाळासोनं चावी फिरवली, पण गाडी हलवली नाही. "आक्का," तो खाली बघत म्हणाला, "गाडी कवाच चढली असती गं. मीच..."

"ठावं हाय मला." आक्का समोर बघत होती. तिचा आवाज अगदी साधा होता. "त्ये ऱ्हाऊ दे. ह्या बायका बघत्यात."

"मग?"

अंगणातून रस्त्यावर जायला थोडासाच चढ होता, पण चिखल चांगला घोटाभर होता. आक्कानं तिकडे हनुवटीनं दाखवलं.

"वाईच घसरू दे की," ती हळूच म्हणाली.

बाळासोनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग दांडा पुढं ढकलून पुढची चाकं सोडवली, गाडी चढावर घातली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. रिकाम्या पिकअपची मागची चाकं जागेवर गरगर फिरली, तांबडा चिखल पार छपरापर्यंत उडाला, गाडी आडवी सरकली. कठड्यावरच्या बायका ओरडल्या. "अगं बया! हळू वो पावणं, हळू!"

"आनी?" बाळासोनं विचारलं. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"आनी वाईच," आक्का म्हणाली आणि पदर सावरून नीट टेकून बसली.