नळ्या फोडणारी तानाबाई

कागलच्या एमआयडीसीमागं एका पत्र्याच्या शेडात तानाबाई चार वर्षं बाद ट्यूबलाइट फोडत होती. लोखंडी गज घालायचा, काच एकीकडं, पत्र्याची टोपणं दुसरीकडं. पांढरी भुकटी उडायची, तिच्यातला पारा हवेत मिसळायचा. तोंडाला पदर, एवढंच संरक्षण.

गडमुडशिंगीत, आपल्या गावात, कुणाला वाकडा शब्द न बोललेली ही बाई. पण गेल्या वर्षभरात तिचे हात थरथरायला लागले, हिरड्या सुजल्या, झोप उडाली आणि डोक्यात सारखा जाळ पेटलेला राहू लागला.

एका सकाळी हात थरथरून चहा तिच्या मांडीवर सांडला.

"आत्याबाई, बशीत देऊ?" सून वर्षाराणीनं विचारलं.

एवढंच निमित्त झालं. तानाबाईनं लाटणं उचलून सुनेच्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला तरी ती थांबली नाही. नवरा जोतीराम मध्ये पडला, त्याचं कपाळ फुटलं.

"हिच्या अंगात कायतरी शिरलंय," म्हणत त्यानं तिला दाव्यानं बांधलं आणि मुरगूडकडच्या एका देवऋषाकडं नेलं.

देवऋषानं मिरच्यांची धुरी दिली. केस धरून निरगुडीच्या फोकानं तिची पाठ सोलून काढली.

"कोण हायस तू? नाव सांग."

"तानाबाई," प्रत्येक फटक्याला ती म्हणाली. "तानाबाईच हाय मी."

झटापटीत दावं सुटलं. तिनं निखाऱ्यांसकट धुपाटणं देवऋषाच्या तोंडावर हाणलं. मग जमलेल्या माणसांनी तिला लाथांखाली घेतलं.

सरकारी दवाखान्यात तिला शुद्ध आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या हिरड्या बघितल्या, थरथरती बोटं बघितली.

"मावशी, काम काय करता?"

"ट्यूबलाइटच्या नळ्या फोडतो."

लघवीच्या तपासणीत पारा निघाला.

"भूतबीत काही नाही," डॉक्टरीणबाई जोतीरामला म्हणाल्या. "श्वासातून पारा आत गेलाय, मेंदूवर परिणाम झालाय. हे काम बंद करा. औषधानं बराच फरक पडेल, पण सगळं पहिल्यासारखं होईल असं सांगता येणार नाही."

जोतीराम भिंतीला टेकून खाली बसला. "आन् मी हिला बांधून नेलं," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी तानाबाई शेडात गेली आणि तिथं नळ्या फोडणाऱ्या बायकांना सगळं सांगितलं. मुकादमानं तिला ढकलत फाटकाबाहेर काढलं. तिघी तिच्यामागं बाहेर पडल्या, बाकीच्यांनी मान खाली घालून गज उचलले.

आता तिला झोप लागते. राग पुष्कळ निवलाय. पण ती चुलीपुढनं झटकन उठली, की वर्षाराणी अजून दाराकडं सरकते. तानाबाईला ते दिसतं. ती परत खाली बसते.