सायकलवाटेवरचा देव

हणमंतपेठेच्या सुभेदार भाऊसोंनी पहिल्या महायुद्धात बेल्जम पाहिला होता. तिथं आणखी काय पाहिलं ते कोणाला सांगत नसत, पण एक गोष्ट त्यांनी गावाला इतक्यांदा सांगितली होती, की ती सुरू झाली की माणसं बसल्याजागी डुलक्या घ्यायला लागायची. तिकडं म्हणे सायकलींना वेगळी वाट असते. गाडी गाडीच्या वाटेनं जाते, सायकल सायकलीच्या, कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. पुढं सुभेदार पेठेच्या कमिटीचे अध्यक्ष झाले आणि चव्वेचाळीस साली गावाच्या नशिबी बेल्जम आला.

हेतू वाईट होता असं कोणी म्हणू नये. दुसरी लढाई ऐन भरात होती, पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर खोकत चालायच्या, आणि ज्याला म्हणून परवडली त्यानं सायकल घेतली होती. साताऱ्याहून सांगलीला जाणारा रस्ता पेठेच्या मधोमध होता. गुऱ्हाळं सुरू झाली की गुळाच्या बैलगाड्या, लष्कराच्या लॉऱ्या, शाळेचे मास्तर, दूधवाले, सगळे त्या एका रस्त्यावर एकमेकांना शिव्या घालत चालायचे. काहीतरी करायला हवं होतंच. सुभेदारांनी काहीतरी केलं.

दुकानांपुढच्या गटारीला लागून, एक सायकल जेमतेम जाईल एवढा पट्टा त्यांनी आखून घेतला. बाकीच्या रस्त्यापासून तो तोडायला गुडघाभर उंचीचे काळे दगड पुरले आणि दगडांना चुना फासला. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला दगड. आत शिरलं की पेठ संपेपर्यंत बाहेर पडायची सोय नाही. पुढं म्हैस उभी राहिली तर तिची मर्जी होईपर्यंत दगडावर पाय टेकून थांबायचं. पट्ट्याबाहेर सायकल दिसली की कमिटीचा शिपाई दंड करायचा. गाडीवानांची गत तर त्याहून वाईट झाली. पूर्वी समोरून लॉरी आली की गाडी कडेच्या मातीत उतरवता यायची. आता कडेला दगड होते.

"वाट न्हाई, पिंजरा हाय ह्यो," असं गुंडा आपल्या बायकोला, बनुबाईला म्हणाला होता. तो वस्तीवरून पेठेत सायकलीनं दूध घालायचा. पण म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं त्याच पिंजऱ्यातून गेला. कायदा मोडायची त्याला लाज वाटायची. असली माणसं जगाच्या फार उपयोगी पडतात आणि लवकर जातात.

संक्रांतीच्या अलीकडच्या बाजाराला आकाराम गाडीवान गुळाच्या ढेपा घेऊन चालला होता. समोरून लष्कराची लॉरी भोंगा वाजवत आली. आकारामनं सवयीनं बैल कडेला ओढले. निंबाच्या झाडाखालच्या दगडावर गाडीचं चाक चढलं, गाडी कलली आणि ढेपांसकट पट्ट्यात पालथी झाली. पट्ट्यात गुंडा होता. गाडी येताना त्याला दिसली होती, असं पाहणारे सांगत. दिसून उपयोग काय, सरकायला जागा नव्हती. बनुबाई वस्तीवरून धावत आली तेव्हा त्याच्या अंगावरची गाडी काढून झाली होती, दूध गटारीत गेलं होतं आणि कुत्री ते चाटत होती. लोकांनी कुत्र्यांनासुद्धा हाकललं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून ती बायकांबरोबर परत निघाली, तेव्हा निंबाखालचा तो दगड तिला तांबडा दिसला. तिला वाटलं, रक्त अजून कोणी धुतलं नाही. जवळ जाऊन बघते तर शेंदूर. पुढं फुटलेला नारळ, उदबत्ती, आणि हात जोडून उभी असलेली चार माणसं. तिला बघून ती जरा बाजूला झाली, पण हात जोडलेलेच राहिले.

"म्हसोबा हाय," भाजी विकणारी राहीबाई तिच्या कानाशी लागली. "बैलांनी वळखलं, म्हनून बुजली. जनावराला कळतंय. आन् तुझा दादला रोज त्येच्यावर पाय ठेवून हुबा ऱ्हायाचा, बाई. मी माज्या डोळ्यांनी बगितलंय."

पाय सगळेच ठेवत होते. मास्तर ठेवत होते, राहीबाईचा नवरा ठेवत होता, खुद्द सुभेदार पाहणीला आलेल्या मामलेदारांपुढं त्यावर बूट टेकून उभे राहिले होते. पण मेला गुंडा, म्हणून पाप गुंडाचं. बनुबाईला त्या दिवशी रडू आलं नाही. अंगाचा नुसता संताप झाला, आणि बायका म्हणाल्या, बघा, डोळ्याला पाणी नाही हिच्या.

घरी दोन म्हशी होत्या आणि धाकटा दीर ज्ञानू होता. गुंडाच्या मोडक्या सायकलीला नवं चाक बसवून त्यानं दूध घालणं चालू केलं. दुसरा मार्गच नव्हता. रोज पहाटे तो फाटकाबाहेर पडला की बनुबाईचा जीव टांगणीला लागायचा, आणि रिकामी किटली घेऊन परत येईपर्यंत ती भाकरीला हात लावायची नाही. तिला एकच पाहिजे होतं. तो दगड उपटून निघायला हवा होता. गुंडा गेला तो गेला, पण त्याच जागी ज्ञानू जायला नको.

दगड मात्र शेंदराच्या थरांनी अंगानं भरत चालला. नारळाच्या करवंट्या पट्ट्यात पडायच्या, त्यावरून चाक घसरून मास्तरांचे पुढचे दोन दात गेले. लोक म्हणाले, जागृत आहे. गाडग्यांची पाटी घेऊन चाललेल्या एका म्हातारीला सायकलीनं उडवलं, तिच्या मांडीचं हाड मोडलं. लोक म्हणाले, फार जागृत आहे. कोणीतरी नवस फेडायला दगडावर पत्र्याचं छप्पर घातलं. ते पट्ट्यात इतकं पुढं आलं, की डोकं वाकवल्याशिवाय जाता येईना, आणि डोकं वाकवलं की पुढचं दिसेना. जितकी माणसं पडायची तितके नारळ वाढायचे, आणि जितके नारळ वाढायचे तितकी माणसं पडायची. पेठेतला नारळवाला तेवढा कधी पडला नाही.

बनुबाई सुभेदारांच्या वाड्यावर गेली. ते पुढच्या सोप्यात जुन्या लष्करी कोटाची पितळी बटणं पुसत बसले होते.

"आवं सुभेदार, त्यो दगूड तुमीच पुरलाय," ती म्हणाली. "तुमच्याच मानसांनी खाणीतनं आणला. चुना बी तुमीच लावला. तुमी एकदा तोंडानं सांगा, द्येव न्हाई म्हनून. काडून टाका."

सुभेदारांनी बटण उजेडात धरून बघितलं. "चुना हुता तवर दगूड माझा हुता. शेंदूर लागला, आता माझ्याकडं न्हाई त्यो."

"मग कुनाकडं हाय?"

"जा घरी. तुझ्या नवऱ्याला वाटेनं मारलं न्हाई, द्येवानं मारलं. ह्यात कमिटीचा काय दोष?"

तेव्हा तिला कळलं की देवाची सगळ्यांत जास्त गरज कोणाला आहे. सुभेदार पूर्वी देवळाची पायरी चढत नसत. आता दर अमावास्येला निंबाखाली त्यांचा नारळ पहिला फुटायचा.

आणखी महिन्याभरानं आकाराम गाडीवान वस्तीवर आला. त्याच्याकडं बघवत नव्हतं, गाल आत गेले होते. अंगणात बसला, पाणी दिलं तर घेईना.

"बाई, शेंदूर म्या लावला," तो म्हणाला. "फौजदार यायच्या आत. मारुतीच्या देवळातनं वंजळभर घेतला आन् रगात हुतं त्येच्यावर फासला. म्हनलं, बैल बुजली असं सांगितलं तर मला सोडतील. सोडलं बी. पर मला झोप न्हाई. तुमच्या मालकाच्या नावानं लोक थुकत्यात, आन् त्यो काय बी केल्याला न्हाई."

बनुबाई त्याला शिव्या द्यायला उठली होती. पण शिव्यांपेक्षा तिला त्याचं तोंड जास्त कामाचं होतं. "ह्येच बाजारात समद्यांच्या म्होरं सांगशील?"

"सांगतो."

आणि खरंच सांगितलं. भर बाजाराच्या दिवशी, निंबाखाली, छपराच्या पुढं उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. देवळातून शेंदूर कसा उचलला, चाक कुठं चढलं, सगळं. शेवटी म्हणाला, "ह्यो द्येव न्हाई. माझी भीती हाय ही. गुंडाचा कायबी दोष नव्हता." बनुबाई त्याच्या शेजारी उभी होती. कित्येक महिन्यांनी तिच्या छातीत मोकळी हवा शिरली. सुभेदारही गर्दीच्या कडेला येऊन उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पडला होता.

मग एक म्हातारा पुढं झाला आणि आकारामच्या खांद्यावर हात ठेवून विचारता झाला, "एवढं दगूड हायती वाटंला. ह्येलाच का लावलास रं?"

"रगात ह्येच्यावर हुतं म्हनून."

"शेंदूर न्यावा ह्ये तुझ्या मनात कुणी घातलं?"

आकाराम आपल्या हातांकडं बघायला लागला.

"त्येनंच घातलं," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तुझ्या हातनं करून घेतलं त्येनं. नशीबवान हायेस गड्या."

गर्दीतून एक मोठा निःश्वास निघाला. बायकांनी आकारामच्या पायांवर डोकी ठेवायला सुरुवात केली. तो नको नको म्हणत मागं सरत होता, मग सरायचा थांबला. आठ दिवसांत गाडी विकून तो निंबाखाली बसायला लागला, कपाळाला शेंदूर लावून. झोपही यायला लागली असावी, कारण गाल पुन्हा भरले. बनुबाई दिसली की तो मान फिरवून घंटा हलवायचा.

सुभेदारांनी मग अपघातांचा बंदोबस्त केला. त्यांनी पाटी लावली, की सायकलस्वारांनी देवापाशी उतरून नमस्कार करावा व चालत पुढे जावे. बंदोबस्त नामी होता. उतरून चालणारा माणूस पडत नाही. पाटीवर हात ठेवून सुभेदार म्हणाले, बेल्जममध्येही ही सोय नाही.

सगळे उतरायला लागले, एकटा ज्ञानू सोडून. तो छपराखालून मान वाकवून तसाच पुढं जायचा, आणि जाताना दगडाकडं बघायचासुद्धा नाही. पहिल्या दिवशी लोकांनी हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी शेण फेकलं. मग ज्याच्या दुकानात चोरी झाली, ज्याची गाय आटली, ज्याच्या पोराला ताप आला, त्या प्रत्येकाला कारण सापडलं. एका सकाळी चौघा-पाचांनी त्याला सायकलीसकट उचलून दगडांपलीकडं रस्त्यावर भिरकावलं. मागून लॉरी येत होती. लॉरीच्या ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला म्हणून चाक ज्ञानूच्या डोक्याशी येऊन थांबलं. फेकणाऱ्यांपैकी कोणी पळालं नाही. देवानं या खेपेला सोडलं, पुढच्या खेपेला सोडणार नाही, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं.

"मी उतरनार न्हाई, वैनी," तो घरी येऊन म्हणाला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललं होतं. "दादानं पाप केलं म्हनायचं व्हय? मेलो तरी चालंल."

"तुमाला चालंल, भावजी," ती म्हणाली. "मला न्हाई चालत."

रात्रभर ती त्याच्या हाताला हळद लावत बसली. पहाटे किटली भरली, आणि तो निघाला तशी त्याच्याबरोबर चालत निघाली. ज्ञानूला वाटलं, वहिनी भांडायला येते आहे. त्याला बरं वाटलं.

निंबाखाली नेहमीची गर्दी होती. सुभेदार होते, आकाराम घंटा घेऊन बसला होता. बनुबाईनं सायकलीचा दांडा धरला. "उतरा, भावजी."

तो तिच्याकडं बघतच राहिला. तिनं त्याच्या सोललेल्या हाताला धरून त्याला खाली उतरवलं आणि दगडापुढं नेलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"माझा मालक ह्येच्यावर पाय ठेवायचा. त्येनं पाप केलं, त्येची सजा त्येला मिळाली. ह्यो ल्हान हाय, ह्येला कळत न्हाई. ह्येच्यावर राग धरू नगा."

मग तिनं ज्ञानूच्या मानेवर तळहात ठेवला आणि मान खाली दाबली. तो ताठ राहिला. तिनं दोन्ही हात लावले, अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं, आणि दगडाला कपाळ टेकेपर्यंत सोडलं नाही. त्याच्या कपाळाला शेंदूर लागला. बायकांनी डोळे पुसले. म्हातारा म्हणाला, शहाणी बाई. सुभेदारांनी स्वतःच्या हातानं खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि सगळे बघत होते म्हणून तिनं तो तिथंच चावून खाल्ला.

त्यानंतर ज्ञानूच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही. तो रोज उतरतो, वाकतो, पुढं जातो, आणि वेळेवर धडधाकट घरी येतो. फक्त बनुबाईच्या हातचं तो काही खात नाही. आपली भाकरी आपण थापतो, आपलं पाणी आपण भरून घेतो, आणि वैनी म्हणून त्यानं तिला त्या दिवसापासून हाक मारलेली नाही.