कारल्याच्या बियांची कड

त्या साली सात समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी कापसाचे भाव चढून आमच्या अकोल्याकडच्या लोकांना त्याचं वेड लागलं होतं. आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. पण आमचे धनी, गाव त्यांना नत्थुजी म्हणतं, तेही मळ्यातले शेवटचे सहा वाफे पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, घालायला निघाले. त्या वाफ्यांत मी कारली लावायची. बी माझ्या आईनं दिलेलं, आणि आई आता राहिली नव्हती. दोन वर्षं माझ्या आजारपणात लावणी हुकली होती. यंदाही हुकली असती तर ते बी संपलंच होतं.

मी भांडले. भांडणात माझा हात कोणी धरत नाही. शेवटी ते म्हणाले, "मृगाले आठ दिवस हायेत. तवरिक उगवलं त वाफे तुहे. नाही त वखर घालतो."

आमची सून जमुना अचलपूरची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी राखेतलं बी काढून तिच्याकडे दिलं, आणि घटकाभरानं पाहते तर ही विहिरीकाठच्या खरबरीत दगडावर एकेका बीची कड घासत बसलेली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय करून राहिली वं? बियाले जखमा करतं?"

"जुनं बी हाय, आत्याबाई. टरफल टणक झालं. वाट करून द्या लागते त्याले. सरकी त पेरायच्या आंधी तुमीबी बाजेवर शेणानं चोळता नं?"

"सरकी म्हणजे ढोराचा खुराक! हे माया मायचं बी हाय."

आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. त्या चोळलेल्या सरकीवरच तर सारा मुलूख श्रीमंत होत होता. पण तेव्हा मी उरलेलं अर्धं बी तिच्या हातून हिसकावलं आणि खालच्या तीन वाफ्यांत जसंच्या तसं टोचलं. घासलेलं तिनं वरच्या तीन वाफ्यांत लावलं.

सहाव्या दिवशी वरचे वाफे हिरवे झाले. माझे बोडकेच. मी चोरून दोनदा पाणी दिलं. सातव्या दिवशी मला रडू आलं.

आठव्या दिवशी सकाळीच धनी बैल घेऊन हजर.

"वरचं कोणाचं?"

"आत्याबाईचं," जमुना पटकन म्हणाली. "खालचं मायं. मले जमलं नाही."

धनी माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागले. मला लाज वाटली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"खोटं बोलते ते," मी म्हणाले. "उगवलं ते तिचं. खालचं मायं हाय."

"मंग खालच्यात वखर घालतो."

मी वाफ्यात बसून बोटानं माती उकरली. बी टोचलं तसंच होतं, टणक, पण सडलेलं नव्हतं. एकेक करत मी सगळं वेचलं, ओटीत घेतलं आणि दगडापाशी जाऊन बसले.

"जमुना, कसं घासू ते दाखव."

"कडेनं, आत्याबाई. पोटाले लावू नोका," ती म्हणाली. "आन् एवढ्या जोरानं नोका."

माझ्या घरात मला कोणी असं टोकलं नव्हतं. मी हात हलका केला. मागे धनी बैलांना म्हणत होते, "चाला रे बाप्पा, आज आपलं काम नाही."