जाणाऱ्याचा वेग

नळवाले काकांची धाकटी दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. तेव्हापासून त्या घरातलं बोलणं हातांनी चालायचं. आईचे हात झरझर चालत. काकांची बोटं मात्र पाना धरून धरून जाड आणि राठ झालेली, त्यामुळे खुणा करताना ते अडखळत. "बाबा, तुम्ही तोतरे बोलता," असं धाकटी त्यांना चिडवायची. काकांचं उत्तर खुणांत जुळेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असायची.

आता धाकटी चोवीस वर्षांची होती. गणित घेऊन पहिल्या वर्गात पदवी मिळवलेली. सहा ठिकाणी अर्ज केले आणि सहाही ठिकाणांहून "कळवतो" असं कळलं. सातवा अर्ज एका दूरच्या शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत केला होता. ज्या मुलांच्या आसपास अशी शाळाच नाही त्यांना व्हिडिओवरून, खुणांच्या भाषेत गणित शिकवायचं. काम घरी बसून, रोज संध्याकाळी पाच ते सात.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी व्हिडिओवरच मुलाखत घेतली. स्वयंपाकघराच्या दारात आईबाबा श्वास रोखून उभे. धाकटीने अपूर्णांक समजावून सांगायला सुरुवात केली. बाई मन लावून बघत होत्या आणि मध्येच त्यांचा चेहरा थिजला. चित्र पुन्हा हललं तेव्हा धाकटी तीन वाक्यं पुढे गेलेली होती. असं चार वेळा झालं.

"तुझं शिकवणं मला आवडलं," शेवटी बाई हातांनीच म्हणाल्या. "पण ऐकणाऱ्या मुलांचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. आपल्या मुलांचं चित्र अडकलं की वाक्यच गेलं. तीन आठवड्यांनी नमुना तास घे. तोवर इंटरनेटचं काहीतरी कर."

घरात इंटरनेट नव्हतं असं नाही. केबलवाल्याने टीव्हीबरोबर स्वस्तात जोडून दिलेलं होतं आणि आईच्या मालिका त्यावर बऱ्या चालायच्या. कॉल संपल्यावर धाकटी राउटरकडे अशी बघत बसली, जणू त्यानेच तिची सातवी नोकरी घालवली.

काकांनी भिंतीला टेकून विचार केला. मग विचारलं, "सकाळीही असंच अडकतं?"

"नाही. सकाळी छान चालतं. संध्याकाळी बिघडतं."

"म्हणजे प्रेशर जातं," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. चौथ्या मजल्यावरच्या नळाला पहाटे धो धो पाणी आणि आठ वाजता करंगळीएवढी धार, हे दुखणं ते तीस वर्षं बघत आले होते. "एका पाइपावर घरं फार झालीत. सगळे एकदम नळ उघडतात. उद्यापासून आपण दोघं फिरायचं. पण दुकानात जायचं ते संध्याकाळी पाचनंतरच."

पहिलं दुकान मोठं, काचेच्या दाराचं. गळ्यात पट्टा घातलेला विक्रेता हसत पुढे आला.

"या काका. तीनशेचा स्पीड घ्या. पिक्चर डोळे मिटायच्या आत डाउनलोड."

"ग्राहक मी नाही, ही आहे," काका म्हणाले. "हिला ऐकू येत नाही. हिच्याकडे बघून बोला, मी सांगतो हिला."

विक्रेता गडबडला. मग धाकटीकडे वळून दुप्पट मोठ्याने ओरडला, "ती न शे चा!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. धाकटीने शांतपणे फोनवर काहीतरी लिहिलं आणि पडदा त्याच्यासमोर धरला. लिहिलं होतं: *अपलोड किती?*

"अपलोड? ते कुणी विचारत नाही हो, मॅडम."

"ही विचारतेय," काका म्हणाले. "तुम्ही येणाऱ्याचं सांगितलंत, आता जाणाऱ्याचं सांगा. हिला पिक्चर बघायचा नाही, शिकवायचंय. हिचे हात पलीकडे पोचले पाहिजेत."

त्याने कुणाला तरी फोन लावला, कुणीतरी आणखी कुणाला तरी विचारलं आणि शेवटी "पुरेसा असतो" एवढंच उत्तर आलं. तोवर धाकटीने माहितीपत्रक उलटं करून मागचा मुंगीच्या पावलांएवढा मजकूर वाचून काढला होता. पहिले तीन महिने अर्धा दर, चौथ्यापासून पूर्ण. राउटर भाड्याने. वर्षाच्या आत सोडलं तर डिपॉझिट परत नाही. तिने एकेका ओळीवर बोट ठेवलं आणि काकांनी एकेक प्रश्न मोठ्याने विचारला. विक्रेत्याच्या कपाळावर घाम आला.

मग तिने तिची परीक्षा सुरू केली. ही युक्ती तिचीच. दुकानाचं वाय-फाय घेऊन तिने कॉलेजातल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिलाही ऐकू येत नव्हतं. धाकटीने हातांनी भरभर वीस आकडे सांगायचे, मैत्रिणीने ते कागदावर उतरवून कागद दाखवायचा. वीसपैकी तेरा आले. एकदा तर धाकटीचा हात पलीकडे हवेतच अडकून राहिला. तिचा अंगठा पूर्ण मिनिटभर तोंडासमोर होता, असं मैत्रिणीने हसत हसत सांगितलं.

दुसरं दुकान बिनतारी इंटरनेटच्या डब्यांचं. किंमत अगदी बेताची, तार नाही, छिद्र पाडणं नाही. तिथे वीसपैकी नऊ. तिसऱ्या ठिकाणी माणूस भला होता, पण तो काहीही विचारलं तरी "होऊन जाईल" म्हणायचा. काकांनी त्याच्याशी बोलणं लगेच आवरतं घेतलं. त्यांच्या धंद्यात "होऊन जाईल" म्हणणाऱ्याच्या हातचे नळ पुढच्याच महिन्यात गळत.

आठ दिवस असेच गेले. दिवसभर लोकांची न्हाणीघरं दुरुस्त करायची आणि पाचला हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून लेकीबरोबर निघायचं. पायांचे तुकडे पडले, पण काकांना त्या फिरण्याची गोडी लागली होती. आठवड्याभरात ते लेकीशी जेवढं बोलले तेवढं एरवी वर्षात झालं नसतं. त्यांच्या खुणाही बऱ्याच सुधारल्या.

नवव्या दिवशी एका सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्याने चढून, ते एका छोट्या ऑफिसात पोचले. टेबलामागे चाळिशीची एक बाई तारेचं भेंडोळं सोडवत बसली होती. तिचा नवरा खांबांवर चढायचा आणि ही बाकी सगळं बघायची. तिने धाकटीकडे पाहिलं, हातातली तार ठेवली आणि वही-पेन पुढे सरकवलं.

धाकटीने लिहिलं: *अपलोड किती? खांबावरच्या एका पेटीवर किती घरं? बिघडलं तर किती वेळात येता?*

बाई वाचून हसली. "अहो, हे प्रश्न मला आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा विचारत नाहीत." मग तिने खाली सावकाश लिहिलं: *येणारं शंभर, जाणारंही शंभर. एका पेटीवर बत्तीस घरं, तेहतिसावं घेत नाही. चार तासांत येतो. जोराचा पाऊस झाला तर जास्त वेळ लागतो, ते आधीच सांगते.* दर लिहिला आणि त्याखाली ठळक रेघ ओढली: *वर्षभर हाच. राउटर तुमचा.*

दर मोठ्या दुकानाच्या अर्ध्याहून थोडाच जास्त होता. तेव्हा साडेसहा वाजले होते. धाकटीने मैत्रिणीला फोन लावला. वीसपैकी वीस. तिने पुन्हा, आणखी भरभर आकडे सांगितले. वीसपैकी वीस. तिसऱ्या वेळी मैत्रीणच वैतागली. "माझा हात दुखला. घेऊन टाक ते."

"पण एक अडचण आहे," बाई काकांना म्हणाली. "तुमच्या गल्लीत आमची तार नाही. चौकापासून आणावी लागेल. एका घरासाठी मला परवडत नाही हो. निदान सहा घरं जमवा, मी चार दिवसांत तार आणते."

परतताना काका म्हणाले, "सहा ना? मी बघतो. आपल्या इमारतीतला प्रत्येक नळ मी दुरुस्त केलाय. कोण नाही म्हणेल?"

धाकटी रस्त्यातच थांबली. "नाही, बाबा. तुमच्याकडे बघून कुणी घ्यायचं नाही. चांगलं आहे म्हणून घ्यायचं."

घरी जाऊन तिने मोठा कागद काढला. डावीकडे पाहिलेल्या सगळ्या कंपन्या. पुढे रकाने: पहिल्या तीन महिन्यांचा दर, नंतरचा दर, वर्षाचा एकूण खर्च, येणारा वेग, जाणारा वेग, डिपॉझिट परत मिळतं का, बिघडल्यावर किती तासांत येतात, आणि शेवटी संध्याकाळच्या परीक्षेतले वीसपैकी गुण. अक्षर टपोरं, खाडाखोड एकही नाही. खाली एक ओळ: *सहा घरं हवीत. शंका असल्यास तिसरा मजला. लिहून विचारावे.* सकाळी तिने तो कागद जिन्यात चिकटवला.

त्या दिवशी काकांना जिन्यातल्या पाइपाची अचानक काळजी वाटू लागली. पाइपाला काहीही झालेलं नव्हतं. तरी ते पाना घेऊन तासभर तिथेच बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत राहिले.

तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क चष्मा लावून कागदापुढे उभे राहिले. याच गृहस्थांनी धाकटीच्या शिक्षणाच्या वेळी "कशाला एवढा खर्च करता, हिला पुढे काय उपयोग?" असं तोंडावर विचारलं होतं. ते काका विसरले नव्हते. हेडक्लार्कांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग खिशातून पेन काढून वर्षाच्या खर्चाचा रकाना आकडेमोड करून तपासला. चूक सापडेना.

"हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

"धाकटीने," पाइपावरची नजर न हलवता काका म्हणाले.

"एकटीने?"

"एकटीने. मी फक्त बरोबर होतो."

हेडक्लार्कांनी एक कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो खिशात ठेवला. "मी दोन वर्षं त्या काचेच्या दुकानवाल्यांना दुप्पट भरतोय," ते म्हणाले आणि काठी टेकत जिना चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. दार उघडल्यावर त्यांनी खिशातला कागद धाकटीपुढे धरला. त्यावर दोन प्रश्न होते आणि सुरुवातीला, ऑफिसात लिहीत तसं, "आदरणीय महोदया" लिहिलेलं होतं. धाकटीने दोन्ही उत्तरं लिहून दिली. आईने त्यांना बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं.

संध्याकाळपर्यंत सहा घरं झाली. तीन दिवसांत अकरा. तार आली तेव्हा खांबावरून बाईचा नवरा ओरडून सांगत होता आणि खाली बाई ते धाकटीला लिहून दाखवत होती, कारण राउटर कुठे बसवायचा ते धाकटीलाच ठरवायचं होतं.

नमुना तासाच्या दिवशी आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागे गडद चादर लावली, म्हणजे हात उठून दिसतील. पाच वाजता पडद्यावर मुख्याध्यापिकाबाई आल्या, मग एकेक करून आठ मुलं. कुणी अंगणात बसलेलं, कुणी शिवणयंत्राशेजारी. धाकटीने हात उचलले.

काकांना गणितातलं फारसं कळत नव्हतं. पण हात थांबत नव्हते एवढं दिसत होतं. पहिली दहा मिनिटं त्यांची नजर राउटरच्या हिरव्या दिव्यावर होती, मग हळूहळू ती मुलांकडे वळली. कोपऱ्यातल्या चौकटीत दोन वेण्यांची एक मुलगी होती. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिने एकदम हात वर केला आणि विचारलं, "अर्ध्याचं अर्धं केलं आणि पुन्हा अर्धं करत राहिलं, तर संपतं कधी?"

धाकटी हसली. "छान विचारलंस. संपतं का ते आपण करून बघू."

आणि आठही मुलं कागदाच्या पट्ट्या दुमडायला बसली. मुख्याध्यापिकाबाईंनीही एक कागद घेतला. तास सहाला संपायचा होता, सव्वासहा झाले तरी कुणी उठलं नाही. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

आईने डोळ्याला पदर लावला. काका लेकीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्या जाड बोटांनी, न अडखळता, म्हणाले, "मला सगळं कळलं."

"सगळं?" धाकटीने भुवया उंचावल्या.

"गणित सोडून."

सोमवारी दुपारी काका एका नव्या बंगल्यात गीझरची जोडणी करत होते. मालकीणबाई सहज म्हणाल्या, "मुलंबाळं काय करतात तुमची?"

"थोरली लग्न होऊन गेली, तिचं शिलाईचं दुकान आहे," काका म्हणाले. मग त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि नीट सरळ उभे राहिले. "धाकटी शिक्षिका आहे. गणिताची. आज तिचा पहिला दिवस. मला साडेचारला निघायचंय, बाई, राहिलेलं काम उद्या करतो."