टेकाडावरून पुणं

डब्याचं झाकण ओट्यावरून पडलं आणि फरशीवर गरागरा फिरत राहिलं. थांबेल थांबेल म्हणेपर्यंत पुन्हा एक गिरकी. मी चटणीचा चमचा हातात धरून पुतळ्यासारखी उभी. घर शांत झालं आणि आतून आवाज आला, "मम्मी, निघायचं?"

बुद्धप्रिया अंथरुणात बसली होती, पायात शाळेचे बूट घालून. ती उठली नसती तर मी हा बेत गुपचूप पुढच्या रविवारवर ढकलणार होते. असे चार रविवार ढकलून झाले होते.

हे सगळं माझ्या सासूबाईंचं कर्तृत्व. मी त्यांना आत्या म्हणते. मनातल्या मनात आणखी काही म्हणते, पण ते कागदावर शोभणार नाही.

झालं असं, की चिंचोळी एमआयडीसीतली माझ्या नवऱ्याची, यशपालची कंपनी बंद पडली आणि तो पुण्याजवळ चाकणला लागला. जाताना म्हणाला, दर शनिवारी येणार. मग एक शनिवार सोडून एक. दिवाळीनंतर तर शनिवार नुसता कॅलेंडरात येतो. लेकीनं आधी फोनवर गप्पा मारल्या, मग फोनला पाठ फिरवली. "फोनमधले पप्पा नकोत," म्हणून एका संध्याकाळी तिनं जे भोकाड पसरलं, ते चाळीतल्या शेवटच्या घरापर्यंत गेलं. तेव्हा आत्या ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "रडू नको गं. डोंगरावर चढलं की पुणं दिसतंय. दिसतील की तुझे पप्पा."

पोरगी गप्प झाली. मी आत्यांकडे बघितलं.

"काय बघतीस? गप बसली की न्हाय?"

गप्प बसली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून 'डोंगर कधी' सुरू. आता वर जाऊन पुणं दिसलं नाही, तर ती आजीवरचा विश्वास सोडणार, त्याचं मला फारसं दुःख नव्हतं. मला भीती होती ती शनिवारची. पाच वर्षांची पोर एकदा शनिवारची वाट बघायची थांबली, की तिला परत कशी वाट बघायला लावायची?

त्यात सोलापुरात डोंगर शोधणं म्हणजे टकलावर भांग पाडणं. शेवटी हिप्परग्याच्या तळ्यापलीकडचं एक लांबलचक टेकाड ठरलं. शेजारच्या मौलालीभाईंनी रिक्षा त्याच्या पायथ्याला उभी केली, वर बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "भाभी, येच अपना महाबळेश्वर. मैं उधर तलाव के बाजू में ठैरता."

आत्यांनी पायात यशपालचे कंपनीतले सेफ्टी शूज घातले होते, पुढं लोखंड असलेले. आत दोन-दोन मोजे कोंबून.

"आत्या, हे काय?"

"कंपनी बंद पडली. बूट कुटं बंद पडलेत?"

आणि लुगड्याचा काचा मारून त्या पुढे. मी मागून, पाठीवर पाणी, भाकरी, शेंगाची चटणी आणि अर्ध्या वाटेपासून पोरगी. मोबाईलमध्ये बायका डोंगर चढतात तेव्हा त्यांचे केस मागे उडतात. माझे तोंडात जात होते.

पण वर पोचलो आणि माझी कुरकुर कुठं गेली कळलं नाही. टेकाडाची धार बैलाच्या पाठीसारखी, दोन्ही बाजूंनी उतरती. डावीकडे खाली तळं, उजवीकडे ज्वारीची रानं, आणि उत्तरेला तुळजापूरकडचे निळे डोंगर, माथे वडी कापल्यासारखे सपाट. वारा असा, की आत्यांचा पदर सारखा माझ्या तोंडावर. लग्न होऊन इथं सात वर्षं झाली, आणि हे सगळं रिक्षाच्या अंतरावर होतं.

"पुणं कुठंय?"

मी पश्चिमेकडे हात केला. तिकडे धुरकट आभाळ आणि लांब कुठल्याशा साखर कारखान्याची चिमणी. बाकी काही नाही. जवळच एक म्हातारे धनगर मेंढ्या घेऊन बसले होते. बुद्धप्रिया सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्हाला पुणं दिसतं?"

आत्यांनी तिच्या डोक्यावरून त्यांना असे डोळे दाखवले, की मेंढ्यासुद्धा सरकल्या.

"दिसतंय की," आजोबा म्हणाले. "मला मोतीबिंदू हाय, म्हणून जरा धुरकट दिसतंय. तुला चांगलं दिसंल."

ती पुन्हा कडेला आली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. मी लांब जाऊन यशपालला फोन लावला. वर रेंज फुल्ल. एवढंच सांगायचं होतं, की पोर डोंगरावर उभी आहे, तिला म्हण, 'दिसलीस गं'. दोन शब्द. एक खोटं आपण चौघांनी वाटून घेऊ. त्यानं फोन कापला. मेसेज आला, 'ओव्हरटाइम चालू आहे, नंतर.'

वळून बघते तर बुद्धप्रिया चिमणीकडे बघून हात हलवत होती. ओरडत नव्हती, नाचत नव्हती. शाळेच्या गेटवर हलवते तसा, शिस्तीत.

तिच्या शेजारी आत्या. आधी त्यांनी इकडे तिकडे बघितलं, मी बघतेय का तेही बघितलं, मी मेंढ्या मोजायला लागले. मग त्यांनी हात वर केला. थोडा हलवला. मग जरा जोरात.

चिमणी त्यांनाही दिसत होती. साखर कारखाना कसा असतो हे त्यांना काय सांगायचं.

टेकाड उतरलो. तळ्याकाठी सावली बघून बसलो. पाण्यात लांब पायांचे पक्षी उभे होते, पलीकडे मौलालीभाई रिक्षात पाय बाहेर काढून झोपले होते. मी ठरवलं, की आता खरं सांगायचं. पुणं इथून दिसत नाही बाळा, ती चिमणी होती. पप्पा येतील तेव्हा येतील. वाक्यं मनात दोनदा घोळवली, भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "बुद्धप्रिया, ऐक."

"मम्मी, पुण्यात डोंगर आहेत?"

"लई हायत," आत्या कांदा फोडत म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा मोटे."

पोरीनं भाकरी चावली, गिळली. तळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग पप्पा का नाही चढत, आपल्याला बघायला?"