गवंड्याच्या हातचे तीन थर

मित्रांनो, काचेचा एक जुना, चौकोनी ट्रे तुमच्याशी बोलतो आहे. माझी काच जाड आहे, धरायला दोन्ही बाजूंना कान आहेत आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. माझ्याकडे वळून कोणी पाहत नाही. पण माझ्या पोटात एकदा जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. वाळू वितळवून तिचा लालभडक रस केला, तो साच्यात ओतला, वरून दाबला आणि मी झालो. ‘ओव्हनमध्येही तडकणार नाही’ असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. त्याचा मला फार गर्व होता.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांचा नवरा गवंडी होता. घर दोन खोल्यांचं. ओव्हन पुढच्या वर्षी घेऊ असं दोघांचं ठरलं होतं. ते पुढचं वर्ष कधी आलंच नाही. आगीसाठी जन्मलेला मी, माझं सगळं आयुष्य फ्रीजमध्ये गेलं!

आधी वाईट वाटलं. पण बाईंनी मला कामाला लावलं. मुलीच्या वाढदिवसाला त्या माझ्यात एक गोड पदार्थ करायच्या. घरात सगळे त्याला ‘थरांचं’ म्हणायचे. खाली बिस्किटांचा चुरा आणि वितळलेलं लोणी. मध्ये पीनट बटर, साय आणि पिठीसाखर घोटून केलेला मऊ थर. वर वितळवलेलं चॉकलेट. भाजायचं काही नाही, नुसतं थंड करायचं. शेजारच्या बायका विचारायच्या, “कोणत्या दुकानातून आणलं?” बाई म्हणायच्या, “दुकान तुमच्यासमोर उभं आहे.” तेव्हा माझी छाती फुगायची. गवंडी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघायचा, चिडवायचा आणि सगळ्यात मोठा तुकडा मागायचा.

मुलगी मोठी झाली. दुसऱ्या शहरात एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करू लागली. तरी वाढदिवसाला ती न चुकता घरी यायची.

गेल्या हिवाळ्यात बाई आजारी पडल्या आणि परत घरी आल्या नाहीत. मी कपाटाच्या तळाशी गेलो. गवंड्याने माझ्यात खिळे, जुने बल्ब आणि एक तुटकं कुलूप ठेवलं. त्याचा राग नव्हता माझ्यावर. त्याला फक्त मी दिसायला नको होतो.

सात महिने गेले. मग एके दिवशी फोन वाजला. गवंड्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोनचा आवाज मोठा ठेवतो. त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

“बाबा, यंदा मी येत नाही. आईशिवाय त्या घरात वाढदिवस नको वाटतो.”

“ये गं. थरांचं मी करतो.”

 “बाबा, तुम्हाला अंडं उकडता येत नाही.”

“यात अंडं नसतंच.”

“बरं. येते. पण संध्याकाळच्या गाडीने परत जाईन.”

फोन ठेवून गवंडी शेजारी बसलेल्या आपल्या जुन्या मित्राकडे वळला. तो मित्र रंगारी. दोघांनी शेकडो घरं मिळून उभी केली होती. “ती येईल, पाहुण्यासारखी बसेल आणि निघून जाईल,” गवंडी म्हणाला. “मग पुढच्या वर्षी यायचं कारणच उरणार नाही तिला.”

त्याने मला बाहेर काढलं, खिळे ओतून टाकले आणि तीन वेळा घासलं. मी पुन्हा उजेडात आलो!

पण मित्रांनो, पुढे जे झालं ते काय सांगू! बिस्किटांचा चुरा त्याने माझ्यात ओतला आणि गवंडीकामाची नवी कोरी थापी घेऊन तो ठोकू लागला. माझे कान थरथरले.

“अरे, हे खायचंय की यावर मजला चढवायचाय?” रंगाऱ्याने विचारलं.

“पाया पक्का हवा.”

“पाया पक्का झाला. आता दात आण पक्के.”

मग त्याने चॉकलेट वितळवायला ठेवलं. ते थोडं घट्ट वाटलं. “माल आळला,” रंगारी म्हणाला. “पाणी मार.” आयुष्यभर सिमेंटला जे केलं तेच गवंड्याने इथे केलं. बोटं पाण्यात बुडवली आणि शिंपडली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब गेले की त्याचं मातेरं होतं. क्षणात त्याच्या गाठी झाल्या.

“अजून मार,” रंगारी म्हणाला. गवंड्याने अजून मारलं. भांड्यात काळा, खरबरीत गोळा उरला. दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

“भिंतीला चालेल,” रंगारी हळूच म्हणाला.

गवंडी हसला नाही. स्टुलावर बसून राहिला. वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पोरीची आई भांडं दोनदा पुसायची. मी म्हणायचो, भांडं पुसतेस की आरसा? अरे, ती चॉकलेटला पाण्यापासून जपत होती!”

“मग वहिनींनी तसं सांगायचं ना.”

“मी विचारलं कधी?”

तो उठला, दुकानात गेला आणि सगळं सामान पुन्हा घेऊन आला. या वेळी त्याने भांडं दोनदा पुसलं. चमचा पुसला. हातसुद्धा पुसले. आधीचा चुरा खरवडून काढला आणि नवा, त्याच्या मानाने, हलक्या हाताने दाबला. मधला थर थापीने असा सपाट केला की एकही लाट राहिली नाही. रंगारी घाई करू लागला, तर गवंडी म्हणाला, “ओल्या स्लॅबवर पाय ठेवायचा नाही.” दोन तास त्याने मला फ्रीजमध्ये ठेवलं. वाट कशी बघायची हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

चॉकलेट ओतण्याआधी त्याने फ्रीजच्या कप्प्यावर आपली पाणसळ, म्हणजे पातळी तपासायची पट्टी, ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला.

“तीस वर्षं लोकांच्या घरात एक सूत फरक चालू दिला नाही,” तो म्हणाला, “आणि माझ्याच घरात फ्रीज वाकडा!” त्याने पुठ्ठ्याची चौपदरी घडी करून फ्रीजच्या पायाखाली सारली. बुडबुडा मध्ये आला. मग चॉकलेट ओतलं. ते माझ्या काठापर्यंत संथ पसरलं आणि आरशासारखं चमकलं. त्या दिवशी माझ्याइतका देखणा ट्रे साऱ्या गावात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. खांद्यावरची पिशवी तिने खाली ठेवली नाही. गवंड्याने सुरी गरम केली, कोरडी पुसली आणि कापलं. तुकडा अखंड निघाला. तीन थर, जणू दोरी लावून घातलेले. रंगाऱ्याने टाळी वाजवली.

मुलीने मला फिरवून चारही बाजूंनी पाहिलं. “बाबा, जाड बाजू कुठे आहे?”

“कसली जाड बाजू?”

“आईच्या थरांच्याला एका बाजूला चॉकलेट जास्त असायचं. ती बाजू माझी.”

गवंड्याचा चेहरा पडला. “फ्रीज वाकडा होता गं. मी काल पायाखाली पुठ्ठा सारून सरळ केला.”

मुलगी हसू लागली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. “आईला ठाऊक होतं. मी म्हटलं होतं, बाबांना सांगू का? तर म्हणाली, खबरदार! लगेच पाणसळ घेऊन धावत येतील.”

त्यावर गवंडी मोठ्याने हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा. मग भीत भीत त्याने विचारलं, “चव कशी आहे?”

तिने घास घेतला. सावकाश खाल्ला. “पाया जरा टणक आहे,” ती म्हणाली. गवंड्याने मान खाली घातली. “पण चॉकलेट… बाबा, तंतोतंत तेच आहे.” तिने पिशवी खाली ठेवली आणि दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. संध्याकाळची गाडी तिच्याशिवाय गेली.

झोपायला जाताना ती म्हणाली, “पुढच्या वर्षी मी यायच्या आधी तो पुठ्ठा काढून ठेवा.”

पुढच्या वर्षी! गवंडी मला, रिकाम्या ट्रेला, हातात धरून उभा होता. त्याने मला धुतलं, दोनदा पुसलं, आणि मला कपाटाच्या तळाची जराही भीती वाटली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काही छान करत असेल तर दारात उभं राहून नुसता मोठा तुकडा मागू नका. आत जा आणि विचारा, शिकून घ्या. आणि विचारायला ते माणूस उरलं नसेल, तरी थांबू नका. पहिला घाणा बिघडेल. तो टाकून द्या, दुसरा करा. आम्हा भांड्यांना धुवा, कोरडं पुसा आणि पुन्हा कामाला लावा.